रेशेन तलाव आणि त्याखालचं खोरं – बाबांना घेऊन सायकलवर जायचंय, रूट सुचवा

इसारकाठची

नमस्कार मंडळी, मी सहा वर्षांपासून म्युनिकला असते. जुलैमध्ये आईबाबा इंदापूरहून येतायत आणि या वेळी बाबांनी स्वतःहून एक गोष्ट मागितलीय, जे ते कधी करत नाहीत. त्यांना रेशेनचा तलाव बघायचाय, तो इटलीच्या वरच्या टोकाला आहे ना, पाण्यातून चर्चचा टॉवर वर आलेला, तो. आणि तोही गाडीतून उतरून फोटो काढून परत असा नाही, सायकलवर.

कारण सांगते म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. आमचं मूळ गाव पळसदेवच्या जवळचं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. बाबा तेव्हा शाळेत होते. त्यांनी बैलगाडीत सामान भरताना बघितलंय सगळं. पाणी खूप खाली जातं तेव्हा पळसनाथाचं देऊळ वर येतं, २०२४ च्या उन्हाळ्यात आलं होतं तेव्हा ते सायकलने जाऊन दिवसभर तिथे बसून आले. तर कोणीतरी त्यांना व्हॉट्सॅपवर या टॉवरचा फोटो पाठवला आणि तेव्हापासून सुरू आहे, हे कुठे आहे, तुझ्यापासून किती लांब आहे, तिथल्या लोकांना जमिनी कुठे दिल्या.

बाबा ६३ वर्षांचे. तब्येत चांगली, रोज ३० किमी सायकल होते, दोनदा पुणे–पंढरपूर केलंय, मागच्या वर्षी सिंहगड चढले पायथ्यापासून वरपर्यंत, मध्ये दोनदा थांबून. पण आल्प्स कधी नाही आणि थंड हवेची सवय नाही. मी स्वतः नदीकाठाने शनिवार-रविवार चालवते तेवढीच. आईला सायकल नको, ती बॅगा घेऊन बसने पुढे जाईल आणि मुक्कामाला भेटेल असं ठरलंय.

प्रश्न: ४-५ दिवसांत काय बसेल? म्युनिकपासूनच चालवत जायचं का ट्रेनने जवळ जाऊन? तलावाला पूर्ण चक्कर मारता येते का? आणि बाबा स्टेल्विओ घाटाचं पण नाव घेतायत, यूट्यूबवर बघितलंय, तर त्याचं काय करू?

वीणा_आउग्सबुर्ग

तुझी पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले. आम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वी आउग्सबुर्गच्या घरापासून तलावाच्या खालच्या खोऱ्यातल्या मेरान शहरापर्यंत केलं होतं, विया क्लाउडिया आउगुस्टा म्हणतात त्या रूटला. मूळ रोमन रस्ता आहे तो, ड्रुससने इ.स.पू. १५ मध्ये सुरू केला आणि सम्राट क्लाउडियसच्या काळात इ.स. ४६-४७ च्या सुमाराला पुरा झाला, डॅन्यूबपासून आल्प्स ओलांडून खाली इटलीत. म्हणजे बैलगाड्या जाव्यात असा चढ ठेवलेला रस्ता, त्यामुळे सायकलवाल्यांना अजूनही तोच सगळ्यात सोयीचा पडतो.

पण म्युनिकपासून चालवत येऊ नकोस. म्हणजे वेळ असता तर मी उलट सांगितलं असतं, फ्युसेनच्या आसपासचा भाग फार सुंदर आहे. पण मध्ये फेर्नपास येतो, १२१२ मीटर, उंची काही विशेष नाही पण सायकलची वाट खडीची आणि उतार असा की भरलेल्या बॅगांसकट मी चक्क उतरून ढकलत आणली सायकल. काकांचे पाय आणि तुझे दिवस तिथे खर्च करू नका, तुमचं खरं काम पुढे आहे.

ट्रेनने म्युनिक–इन्सब्रुक–लांडेक. युरोसिटीमध्ये सायकलची जागा आधी रिझर्व करावी लागते आणि जुलैमध्ये ती आधी संपते, माणसांची तिकिटं नंतर संपतात, हे लक्षात ठेव. लोकल ट्रेन बदलत बदलत पण जाता येतं, रिझर्वेशन नको पण वेळ जातो.

लांडेकहून इन नदीच्या काठाने वर. प्रुट्झ, रीड, करत फुंड्सपर्यंत साधारण ३० किमी, चढ हळूहळू, कळत पण नाही. पहिला दिवस तिथेच थांबा. फुंड्सच्या पुढे मुख्य रस्ता नाउडर्सला जातो तो सायकलने अजिबात घेऊ नका!! कड्यात कोरलेला, गॅलऱ्या, ट्रक, मोटारसायकली, रस्त्याच्या कडेला जागाच नाही. सायकलवाले नदीकाठानेच पुढे स्वित्झर्लंडमध्ये मार्टिनाला जातात आणि तिथून नोर्बर्ट्सह्योहं चढतात. ११ वळणं, मार्टिना १०३५ मीटर आणि वर १४०५. चढ एकसारखा आहे, मध्येच छातीवर येत नाही. काकांनी सिंहगड केलाय ना, मग हे होईलच, सिंहगड याच्यापेक्षा खूप खडा आहे. वरून नाउडर्सला उतरायचं, आणि नाउडर्सपासून रेशेन खिंडीपर्यंत वेगळा सायकलचा रस्ता आहे कुरणांमधून, चढ आहे पण गप्पा मारत जाण्यासारखा. खिंड आली हे पाटी बघूनच कळतं. आणि मग समोर पाणी दिसतं.

घाटवेडा_पुणे

वीणाताईंना अनुमोदन. मी २०१९ ला पुण्याहून स्वतःची सायकल बॉक्समध्ये घालून नेली होती त्यामुळे इकडून येणाऱ्याच्या नजरेने काही सांगतो.

स्टेल्विओ. काकांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की प्राड गावापासून वरपर्यंत साधारण २५ किमी आहे, ४८ वळणं, चढ १८०० मीटरच्या आसपास, माथा २७५७ मीटर. म्हणजे सिंहगड एकावर एक तीनदा, मध्ये न उतरता, आणि शेवटचा सिंहगड अशा हवेत की दम लवकर लागतो. मी तेव्हा ४१ वर्षांचा होतो, रोजचा सराव होता, तरी पाच तास लागले आणि शेवटच्या दहा वळणांत प्रत्येक वळणावर थांबलो. तो रस्ता कार्लो डोनेगानी नावाच्या इंजिनिअरने १८२०-२५ मध्ये बांधला, ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी, बघण्यासारखा आहेच, प्रश्न नाही. पण तो एक स्वतंत्र प्रवास आहे. या वेळचा प्रवास तलावाचा आहे. दोन्ही एकात कोंबलं तर काका तलावावर असतील आणि डोक्यात वळणं मोजत असतील. बसने वर जाता येतं उन्हाळ्यात, एक दिवस जास्तीचा असेल तर तिघं मिळून बसने जा, वळणं वरून बघा.

ई-बाईक घ्यायची का हे तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी सुचवणारच. मी म्हणेन काकांना विचारा. रोज ३० किमी करणाऱ्या माणसाला गिअर नीट असलेली साधी ट्रेकिंग सायकल पुरते. पुढे छोटी चकती आणि मागे मोठी, एवढं बघून भाड्याने घ्या. बाकी गिअरचा आकडा बघत बसू नका.

ब्रेक मात्र बघा. तलावापासून मेरानपर्यंत साधारण ८० किमीत १२०० मीटर खाली उतरायचंय आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या २०-२५ किमीतच आहे, तलावाच्या खालच्या टोकाच्या सांक्ट व्हालेन्टीन गावाच्या पुढे. मी दोन्ही ब्रेक सतत दाबून उतरत होतो, खाली बुर्गाइसला पोचलो तेव्हा डिस्कचा जळका वास येत होता आणि मागचा ब्रेक नुसता हँडलला टेकत होता. सुदैवाने गावात दुकान होतं. सरळ पट्ट्यात सोडायचं, वळणाआधी दाबायचं, परत सोडायचं, आणि दर तीनचार किमीवर थांबून फोटोच्या निमित्ताने ब्रेक गार होऊ द्यायचे. खंबाटकी उतरताना ट्रकवाले करतात तसं.

बोल्झानोकर

मी बोल्झानोला राहतो (जर्मन बोलणारे बोझेन म्हणतात, इकडे प्रत्येक गावाला दोन नावं, ग्राउन म्हणजेच कुरोन, माल्स म्हणजे माल्लेस, पाट्या वाचताना गोंधळू नका). या खोऱ्यात मी वर्षातून चारपाच वेळा सायकल घेऊन जातो तर तलावाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

चक्कर पूर्ण मारता येते, साधारण १५ किमी. जुलैमध्ये तिथे पळण्याची शर्यत असते ती याच चक्करची, त्या दिवशी जाऊ नका, तारीख बघून घ्या. पश्चिमेचा काठ म्हणजे झाडी, कुरणं, चढउतार, गाड्या नाहीत, मेरानकडे जाणारा मुख्य सायकल मार्ग तिथूनच जातो. आणि इथेच लोक चुकतात. बाणांच्या मागे मागे पश्चिमेने निघून जातात आणि टॉवर पलीकडच्या काठाला लांबून दिसतो, काडीएवढा. टॉवर पूर्व काठाला आहे, ग्राउन गावापाशी, काठापासून अगदी थोड्या अंतरावर पाण्यात. तर रेशेन गावात आल्यावर डावीकडे पूर्व काठ धरा, ग्राउनला जा, तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउनहून निघून रेशेनकडे परत, मग पश्चिम काठाने पूर्ण खाली, धरणाच्या भिंतीवरून सांक्ट व्हालेन्टीन. धरण मातीचं आहे, बाबांना ओळखीचं वाटेल, मोठी काँक्रीटची भिंत अशी नाही.

सकाळीच करा चक्कर. दुपारी वारा उठतो, काईटसर्फिंगवाले त्याच वाऱ्यासाठी येतात इथे, त्यांना हवा तो आपल्याला नको. १५०० मीटर उंची आहे, जुलैतसुद्धा सकाळी स्वेटर लागेल आणि त्याच दिवशी खाली मेरानला तिशी पार असेल.

आता बाबांच्या प्रश्नाचं. आधी इथे दोन नैसर्गिक तळी होती. पाणी ५ मीटर वाढवायचं असं पहिल्यांदा ठरलं होतं, मग १९३९-४० च्या सुमाराला ते २२ मीटर झालं. त्याची नोटीस लागली ती इटालियनमध्ये, आणि गाव जर्मन बोलणारं, फॅसिस्ट काळ, कोणाला कळलंच नाही काय चाललंय. युद्धामुळे काम थांबलं, लोकांना वाटलं टळलं, आणि युद्धानंतर परत सुरू झालं. गावचे पाद्री आल्फ्रेड रीपर थेट रोमला पोपकडे गेले होते गाऱ्हाणं घेऊन, काही उपयोग झाला नाही. १९५० मध्ये पाणी भरलं. १६३ घरं आणि ५२३ हेक्टर शेती-कुरणं गेली. घरं आधी सुरुंगाने उडवली, चर्चपण पाडलं, टॉवर चौदाव्या शतकातला म्हणून तेवढा ठेवला. जमिनीला जमीन असं काही नव्हतं. गुरांवर जगणारी माणसं, कुरणंच गेल्यावर गुरं विकावी लागली, बरेच जण खोरं सोडून गेले. जे राहिले ते सुरुवातीला बराकींमध्ये होते आणि मग वरच्या अंगाला नवीन ग्राउन वसलं, आज दिसतं ते. हे बाबांना सांगा, आणि ग्राउनमध्ये माहितीचे फलक आहेत त्यावर जुने फोटो आहेत, त्यापुढे थोडा वेळ काढा.

२०२१ च्या वसंतात दुरुस्तीसाठी तलाव बराच रिकामा केला होता तेव्हा मी गेलो होतो. घरांचे पाये, पायऱ्या, भिंतींचे बुडखे. एका म्हाताऱ्या बाईंना त्यांचा मुलगा हाताला धरून आणत होता, त्या काठीने एकेक जागा दाखवत होत्या त्याला. मी तिथून निघून आलो, उभं राहवलं नाही.

इसारकाठची

बोल्झानोकर, तुमचं उत्तर मी बाबांना फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं. सुरुंगाचं ऐकल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, आमच्याकडे उडवली नव्हती, लोकांनी आपापली उचकटून नेली, दारं, चौकटी, वासे, नवीन जागी तेच परत लावले, आमच्या इंदापूरच्या घराचा पुढचा दरवाजा जुन्याच घराचा आहे. मला हे माहीतच नव्हतं. ३४ वर्षं त्या दरवाज्यातून ये-जा केलीय मी.

स्टेल्विओ रद्द. स्वतःच म्हणाले, तीन सिंहगड नको, पुढच्या वर्षी बघू.

अजून विचारायचं होतं: आम्ही तिघं तीन देशांतून जाणार, बाबांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा चालेल ना? आणि खाण्याचं, आईबाबा दोघं शाकाहारी, माळकरी आहेत, अंडं पण नाही.

वीणा_आउग्सबुर्ग

व्हिसा चालेल, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली सगळे शेंगेनमध्येच. पासपोर्ट मात्र प्रत्येकाने जवळ ठेवायचा, आईच्या बॅगेत तिघांचे असं नको, कारण ती बसने पुढे आणि तुम्ही मागे. फोनची खरी गंमत मार्टिनाला होते, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या रोमिंगमध्ये येत नाही, तेवढ्या दोन तासांत डेटा चालू राहिला तर बिल येतं. फुंड्स सोडलं की मोबाईल डेटा बंद, नकाशा आधीच डाउनलोड.

आईंसाठी लांडेकहून नाउडर्सपर्यंत बस आहे, नाउडर्सहून रेशेन, ग्राउन करत माल्सपर्यंत दुसरी. चांगल्या फ्रिक्वेन्सीने असतात. आणि कोणा एकाचे पाय थकले तर मार्टिना–नाउडर्स चढाला उन्हाळ्यात सायकली नेणारी बस असते, वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, म्हणजे चढायचं का बसायचं हे पायथ्याशी उभं राहून ठरवता येईल.

एक कपड्यांचं, इटलीत अंधारात गावाबाहेर आणि बोगद्यात सायकलस्वाराने चमकणारं जॅकेट घालायचा नियम आहे. पातळ जाळीचं मिळतं, हँडलच्या बॅगेत ठेवून द्या.

रानवाटा_धुळे

मी सायकलवाला नाही, पाण्यावर काम करतो (शेतीचं पाणी), त्यासाठी त्या खोऱ्यात दहा दिवस राहून आलोय म्हणून मध्ये बोलतोय, चालेल ना?

तलावाच्या खालचं खोरं, फिन्शगाउ, आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या खोऱ्यांपैकी एक आहे. दोन्ही बाजूला बर्फाचे डोंगर आणि मध्ये पाऊस जेमतेम ५०० मिमीच्या आसपास. आपल्या दुष्काळी पट्ट्यातला आकडा आहे हा! तरी पूर्ण खोरं सफरचंदांनी भरलेलं. कारण शेकडो वर्षांपासून डोंगरउतारावरून आणलेले पाट, तिकडे त्यांना वाल म्हणतात. वरच्या ओढ्याचं, हिमनदीचं पाणी अडवून डोंगराच्या कडेकडेने किलोमीटरच्या किलोमीटर खेळवत शेतावर आणायचं, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाट सांभाळायला एक माणूस नेमलेला, वालर. मी बघितलं तेव्हा माझ्या तोंडून पाटकरीच निघालं. आमच्या पांझरा नदीवर फडाला (बंधाऱ्याच्या पाण्यावरची सामाईक शेती) जसा पाटकरी असतो अगदी तसा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, पाटात एक छोटं लाकडी पाणचक्र बसवतात, ते फिरलं की हातोडी घंटेवर किंवा पत्र्यावर आपटत राहते. आवाज येतोय तोवर पाणी येतंय. रात्री आवाज थांबला की वालर कंदील घेऊन निघाला, कुठेतरी दगड-माती पडून पाट तुंबलाय किंवा फुटलाय.

आता बहुतेक ठिकाणी पाइप आणि स्प्रिंकलर झालेत, पण काही वाल चालू ठेवलेत आणि त्यांच्या काठाने पायवाटा आहेत. सायकल नेऊ नका त्यावर, अरुंद आहेत आणि चालणाऱ्यांसाठी आहेत. पण सायकल खाली लावून अर्धा तास चालून या तिघं. तुमच्या आईंना पण घ्या, चढ नसतो, पाण्याच्या चालीने वाट जाते.

बोल्झानोकर

रानवाटा, हातोडीवाली घंटा मी पण ऐकलीय पण ती कशासाठी हे आज कळलं, इतकी वर्षं शोभेची समजत होतो. धन्यवाद!

खाण्याचं सांगतो. अवघड नाही, पण विचारून मागवावं लागतं. क्न्योडेल म्हणून पावाचे गोळे असतात त्यात बऱ्याचदा श्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं, आणि पालकवाल्या-चीजवाल्या गोळ्यांत पण अंडं असतं. श्लुत्झक्राफेन म्हणजे छोट्या करंजीसारखं, आत पालक, पण पिठात अंडं घालतात, म्हणून काटेकोर असाल तर ते पण नाही. त्यांनी खात्रीने खावं असं म्हणजे भाजलेले बटाटे, भाज्या, बीन्सचं नाहीतर बार्लीचं सूप (सूपमध्ये पण श्पेक नाही ना हे विचारा), टोमॅटोचा साधा पास्ता, अंड्याशिवायचा, सुकी पाकिटातली पास्ता बहुतेक नुसत्या रव्याची असते. आणि खोऱ्यातला पाव! राईचा, दोन गोल भाकऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, फिन्शगर पार्ल म्हणतात, पार्ल म्हणजे जोडी. त्यात बडीशेप घालतात आणि निळ्या फुलांची एक मेथी येते तिची पूड. पहिला घास घेतला तेव्हा मला आईची मेथीची भाकरी आठवली होती, खोटं नाही सांगत. त्याबरोबर डोंगरावरच्या गोठ्यातलं ताक मिळालं तर आईबाबांचं जेवण झालं. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरात घ्या, कुकर पण न्या, बस आहेच सामानाला.

उतरताना कुठे थांबायचं याचं माझं मत: बुर्गाइसच्या वर डोंगराला चिकटलेला पांढराशुभ्र मठ दिसेल, मारियेनबेर्ग, तो खालून बघूनच पुढे जा, वर जायचा चढ जड बॅगा घेऊन कशाला. ग्लुर्न्सला मुक्काम करा. नऊशेक वस्तीचं शहर, शहर म्हणजे खरंच शहराचा दर्जा, आणि सगळीकडून तटबंदी अजून उभी. संध्याकाळी जेवून तटाच्या बाजूने एक फेरी मारायची. तुमच्या तलावाचंच पाणी डोंगरातल्या बोगद्यातून तिथल्या वीजघरात येतं.

पुढच्या दिवशी लास. संगमरवराचं गाव, फूटपाथसुद्धा संगमरवरी. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरींवरचे हजारो क्रूस इथल्याच दगडाचे आहेत. जुलैच्या शेवटी गेलात तर जर्दाळू पिकलेले असतात, रस्त्याकडेला विकायला. त्याच्या पुढे नदी, रेल्वे आणि सायकलमार्ग तिन्ही बरोबर चालतात सफरचंदांच्या बागांमधून, नदी म्हणजे एच, इटालियनमध्ये आदिजे, तलावाच्या वरच उगम पावते आणि ४१० किमी जाऊन समुद्राला मिळते. नाटुर्न्सच्या आधी डावीकडे उंचावर युवाल किल्ला दिसेल, गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनरचा, बाबांना ते माहीत असतील. राब्लांडला रोमन मैलाचा दगड सापडला होता त्याची प्रतिकृती रस्त्यात आहे. आणि ट्योलपाशी शेवटचा उतार, वळणावळणाचा, खाली मेरान.

घाटवेडा_पुणे

याला जोडून, माल्स–मेरान ट्रेन आहे, १९९० ला बंद केली होती आणि २००५ ला परत सुरू केली, स्टेशनांवर सायकली भाड्याने मिळतात आणि एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्या स्टेशनवर सोडता येतात. त्यामुळे ताई, तुम्हाला मधेच कंटाळा आला किंवा पाऊस आला तर अडकून पडायची भीती नाही. फक्त मार्गावर विजेच्या तारा टाकायचं काम काढलंय, निघण्याआधी ट्रेन कुठपर्यंत चालू आहे ते बघा, जिथे बंद असेल तिथे बस असते आणि बसमध्ये सायकलचं सांगता येत नाही.

पाऊस आला तर माल्सच्या वरच्या मोकळ्या माळावर थांबू नका, आडोसा काही नाही, वारा झोंबतो. मी तिथे भिजलो आणि बोटं इतकी गार पडली की ब्रेक दाबला जाईना. जुलैमध्ये! पूर्ण बोटांचे हातमोजे काकांसाठी घ्या, हे मी कळकळीने सांगतोय.

इसारकाठची

सगळं लिहून काढलं. पहिला दिवस लांडेक ते फुंड्स, दुसरा मार्टिना चढून ग्राउन (३०-३२ किमी होतात, पण चढ आहे म्हणून तेवढेच), तिसऱ्या दिवशी सकाळी चक्कर आणि मग ग्लुर्न्स, चौथा ग्लुर्न्स ते मेरान, पाचव्या दिवशी बोल्झानो, ब्रेनर, इन्सब्रुक करत घरी. ग्राउनला दोन रात्री घेतल्यात शेवटी, एक दिवस वाढला तर वाढला. मी ऑफिसात सुट्टी वाढवून घेतली. बाबांसाठी हातमोजे काल आणले. चौथ्या दिवशी आई पण वाटेतल्या स्टेशनवरून भाड्याची सायकल घेऊन शेवटचे दहा किमी करणार म्हणतेय, तिने लग्नाआधी चालवली होती, तर लेडीज फ्रेम आणि बसकी सीट बघावी लागेल.

बाबांनी काल एकच विचारलं. टॉवरपाशी काठावरून पाण्याला हात लावता येतो का, का कुंपण वगैरे आहे? त्यांना पळसदेवचं थोडं पाणी बाटलीतून आणायचंय आणि तिथे सोडायचंय. मी विमानाच्या चेक-इन बॅगेत टाका म्हटलं. कोणी काठापर्यंत उतरलंय का?

बोल्झानोकर

लावता येतो. काठावर उतरायला वाट आहे, घाटासारख्या पायऱ्या नाहीत, दगडगोटे आहेत आणि कडेला थोडा चिखल असतो, सायकलचे बूट काढून साधी चप्पल घालून उतरा. जुलैमध्ये तलाव भरलेला असतो त्यामुळे पाणी जवळच मिळेल. सकाळी सहा-साडेसहाला जा, आठनंतर गाड्या आणि बसा यायला लागतात, फोटोवाल्यांची गर्दी होते. साडेसहाला तिथे कोणी नसतं.

कुठल्या तारखा आहेत ते कळवा. मी बोल्झानोहून पहिल्या ट्रेनने आलो तरी साडेसहाला पोचणार नाही, आदल्या रात्रीच येऊन राहीन. पार्ल मी घेऊन येतो.